अर्धं पाऊल

अंतिम रेषेच्या जरा अलीकडे
मला अर्धं पाऊल मागे यावं लागतं.
नियमच आहे तसा : तिची छाती आधी, मग माझी.
उलटं झालं तर दोघंही बाद.

इफ्रानच्या ह्याच ट्रॅकवर, तरुणपणी,
ह्याच अर्ध्या पावलासाठी मी बारा वर्षं धावलो.
ते कधी पायी लागलं नाही.
आता रोज देऊन टाकतो.

दोरी म्हणजे बुटाची नाडी.
तिच्या उजव्या हातात एक गाठ, माझ्या डाव्यात एक,
मध्ये वीतभर सैल जागा.
इत्तो ती रविवारी ऑलिव्हच्या साबणाने धुते,
खिडकीत मोज्यांशेजारी वाळत घालते.
ओढायची नाही. ढकलायचं तर नाहीच.
पंचांची नजर आमच्या पायांवर नसते,
त्या ढिलेपणावर असते.

आझरूच्या बाजारात लोक म्हणतात,
हद्दू म्हणजे तिची काठी.
काठीला दम लागत नाही.

मी बोलतो ते फार थोडं :
वळण.
वळण.
सरळ. पुढे दोघी. बाहेरून.
आता.
"शाबास" म्हणत नाही. त्याला श्वास लागतो.

शर्यतीआधी सगळ्यांच्याच डोळ्यांवर काळी पट्टी.
इत्तोला डावीकडे एक भुरकट फट उरली आहे,
तिच्यातून बर्फ आणि दुपार एवढंच कळतं.
पट्टी ओढून घेताना ती दरवेळी म्हणते,
"चला, दुकान बंद."

मार्चमध्ये देवदारांखाली अजून बर्फ होता,
फांदीवरची माकडं अंग चोरून बसलेली.
सहाव्या किलोमीटरला ती म्हणाली,
"तू तोंडाने श्वास घेतोयस."
थंडी आहे, मी म्हणालो.
ती गप्प राहिली.
इत्तो एरवी गप्प राहणारी बाई नाही.

मग रबात, मे महिना, पंधराशे मीटर.
पावणेचार फेऱ्या.
तीन फेऱ्या आम्ही एकच जनावर होतो, चार पायांचं,
तिच्या डाव्याबरोबर माझं उजवं.
शेवटच्या वळणाला दोरी ताणली गेली.
सहा वर्षांत पहिल्यांदा,
आणि पुढच्या बाजूने.
खेळाडूने वाटाड्याला ओढलं तर काय,
असा काही नियम आहे का, मी आठवत राहिलो.
धावताना माणूस काय काय आठवतो.

तेवढ्यात दोरी सैल झाली.
तिने पाऊल आखूड केलं होतं.
मी "आता" म्हटलं, तो नुसता हवेचा आवाज झाला.
बाहेरून दोघी गेल्या, त्यांचे वाटाडे गेले,
त्यांच्या बुटांचा वारा आमच्या पोटऱ्यांना लागला.
आम्ही चौथे.
त्या दिवशी रेषेवर मागे यायला
मला काहीच करावं लागलं नाही.

बसमध्ये तिने थर्मासमधला पुदिन्याचा चहा ओतला,
पेल्याच्या काठावर बोट ठेवून, न सांडता.
मी म्हणालो, माझ्यामुळे गेलं.
ती म्हणाली, "हो."
थोड्या वेळाने म्हणाली, "साखर कमी आहे का?"

आता इद्दर धावतो तिच्याबरोबर, एकोणीस वर्षांचा,
हरणासारखा आणि तितकाच बावरट.
मी त्याला चार शब्द शिकवले.
कधी बोलायचं नाही, हे शिकवायला पूर्ण उन्हाळा गेला.

मी कुंपणाशी उभा राहतो, डोळे मिटून.
पलीकडच्या सरळ भागात चार पावलं वाजतात,
वेगवेगळी, उखळात दोघींनी कांडावं तशी,
मग हळूहळू जुळतात,
मग दोनच उरतात.

वळणाच्या आधी इद्दरचं उजवं किंचित उशिरा पडतं.
मी ओरडत नाही.
ती सांगेल त्याला.
नाहीतर गप्प राहील,
मग त्यालाच कळेल.